एका सॅकमधलं ऑफिस: या चुका टाळा

गावाहून काम करायची परवानगी मिळाली की पोरं आधी भारी सॅक घेतात. मग व्हिडिओ बघून एकेक वस्तू गाळत जातात आणि जी गोष्ट दोन हवी, नेमकी तीच एकावर आणतात.

सगळा भार एका फोनवर

आमच्या टीममधला एक मुलगा पावसाळ्यात गुहागरला राहून काम करत होता. हॉटस्पॉट त्याच फोनचा, ओटीपी त्याच सिमवर, कंपनीच्या लॉगिनसाठी दर वेळी नवा कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲपही त्यातच. ऐन रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडायच्या संध्याकाळी फोन विहिरीत गेला. लॅपटॉप ठणठणीत, शेजाऱ्यांनी वायफायही दिलं, पण व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) कोड मागतंय आणि कोड विहिरीत. फोन हरवला तर वापरायचे बॅकअप कोड काढून ठेवले होते म्हणे. कुठे? स्क्रीनशॉट, त्याच फोनमध्ये! दुसऱ्या दिवशी चिपळूण गाठून डुप्लिकेट सिम काढलं, तेव्हा कळलं की सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळायला केलेला नियम आहे आणि योग्यच आहे. रिलीज शेवटी आम्ही इकडे रात्र जागून काढलं.

माझे बॅकअप कोड कागदावर असतात आणि तो कागद कपड्यांच्या घडीत. सोबत एक जुना फोन, त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम. एकाच कंपनीची दोन सिम घेऊन 'माझ्याकडे बॅकअप आहे' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. रेंज कोणाची येते हे नकाशात बघण्यापेक्षा तिथल्या किराणा दुकानात विचारावं. लाईट गेल्यावर कोणाचा टॉवर किती वेळ टिकतो, हेही तिथेच कळतं.

लांबलचक काम थेट एसएसएचवर

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरून कमांड चालवायची सोय. कोकण रेल्वेत बसून तिच्यावर डेटाबेस मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलायचं काम, सुरू करणारे महाभाग मी पाहिलेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी बाहेर येईपर्यंत कनेक्शन तुटतं आणि त्याबरोबर तुमची कमांडही सहसा मरते, अर्धं टेबल बदलून. सर्व्हरवर शिरल्याबरोबर टीमक्स (tmux) हा प्रोग्राम चालू करायचा, मग कनेक्शन गेलं तरी काम सर्व्हरवर चालू राहतं. शिकायला अर्धा तास पुरतो. तेवढाही धीर नसेल तर प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमला, हात लावू नका.

कुठलीही टाइप-सी केबल

चार्जर १०० वॅटचा घेतात आणि केबल फोनच्या खोक्यातली लावतात. १०० वॅटला पाच अँपिअर लागतात आणि त्यासाठी केबलमध्ये ई-मार्कर चिप लागते, ती केबलची क्षमता चार्जरला सांगते. ती नसेल तर २० व्होल्टला तीनच अँपिअर, म्हणजे ६० वॅट. जड काम चालू असलं की लॅपटॉप चार्जिंगला असूनही बॅटरी उतरत जाते आणि शिव्या चार्जरला. मी चांगल्या केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळतो आणि ती कोणालाही देत नाही.

बाकीचं थोडक्यात. हॉटस्पॉटला जोडताना विंडोजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू करा, नाहीतर दिवसाचा डेटा अपडेटच खाईल. पॉवर बँक विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते, तीही साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंतची. २०,००० एमएएचची सुमारे ७४ भरते, पुरे झाली. आणि वजन वाचवायला वेगळा कीबोर्ड घरी ठेवून दिवसभर लॅपटॉपवर मान वाकवणाऱ्यांनी फिजिओथेरपीची फी आधीच विचारून ठेवावी.