‘बंद करा’ म्हणजे नेमकं काय? मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपानांतली शब्ददुरुस्ती कशी तपासावी

सोलापूरच्या पूर्व भागातला पोरगा घरी तेलुगू बोलतो, दुकानात मराठी आणि अक्कलकोटच्या एसटीत कन्नड. एखाद्या सॉफ्टवेअरचं माहितीपान तो उघडतो तेव्हा इंग्रजी त्याची चौथी भाषा असते. शब्ददुरुस्ती तपासायला बसलो की मी हाच वाचक समोर धरतो. वाक्य देखणं झालं का, हे नंतर. ते वाचून त्याने दिलेली कमांड बरोबर चालेल का, हे आधी.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे कुणी पाठवलेला बदलाचा प्रस्ताव, आली की लगेच लाल-हिरव्या (काढलेल्या-घातलेल्या) ओळींवर तुटून पडू नका. आधी मूळ पान उघडा, वरचा-खालचा परिच्छेद वाचा, मग फरक बघा. अख्खा परिच्छेद एकाच ओळीत लिहिलेला असला तर एक स्वल्पविराम हलला तरी सगळी ओळ बदललेली दिसते. गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्याच्या फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ कमांडला ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय जोडा, म्हणजे बदललेले शब्द तेवढे दिसतील.

आता बदल वेगळे करा: नुसतं शुद्धलेखन कोणतं आणि अर्थ कुठे हलतोय. शुद्धलेखनाचे बदल शक्यतो त्याच दिवशी मर्ज करून टाका, म्हणजे मूळ पानात घ्या. मात्र चुकीचं स्पेलिंग हेच खरं नाव तर नाही ना, तेवढं बघा. वाचक कुठल्या पानावरून आला ते सर्व्हरला सांगणारी ओळ म्हणजे एचटीटीपी या वेबच्या नियमावलीतलं ‘रेफरर’ हेडर. त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमधून एक ‘आर’ गळाला, आणि 1996 च्या अधिकृत दस्तऐवजातही तो तसाच छापला गेला. पानावर ते ‘सुधारलं’ तर तिथून उचललेला कोड चालणार नाही.

खरी मेहनत अर्थाची. एका विद्यार्थिनीने आमच्या मराठी पानावर दुरुस्ती पाठवली. मूळ वाक्य होतं, ‘सेवा निष्क्रिय करा.’ तिने केलं, ‘सेवा बंद करा.’ कानाला हे दुसरं किती बरं वाटतं! मीही मंजूर करणारच होतो. पण खालची कमांड होती सिस्टमसीटीएलची ‘डिसेबल’. लिनक्सवर सेवा, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, याच साधनाने सांभाळतात. नुसत्या डिसेबलने चालू असलेली सेवा थांबत नाही. मशीन पुढच्या वेळी सुरू होताना ती आपोआप उठत नाही, एवढंच. आत्ताची थांबवायला ‘स्टॉप’ लागतं. म्हणजे वाचक ‘केली बंद’ म्हणून निवांत चहाला जाणार आणि सेवा मागे चालूच! तरी ‘निष्क्रिय’ सरकारी वाटतं ही तिची तक्रार मात्र रास्त होती. शेवटी दोघांनी मिळून लिहिलं: ‘मशीन सुरू होताना ही सेवा आपोआप सुरू होऊ नये म्हणून पुढची कमांड द्या.’ लांबलं. लांबू दे.

तेव्हापासून शंका आली की मी कमांड आधी स्वतः चालवून बघतो.

काही जागांवर डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. कमांडमधली सरळ अवतरणचिन्हं कुणी गोल केली, किंवा दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ झाली, तर ती कमांड कॉपी करून चालत नाही. मथळा बदलला की बहुतेक ठिकाणी त्याचा दुवाही बदलतो आणि बाहेरून तिथे येणारे दुवे तुटतात. प्रकल्प भाषांतरासाठी गेटटेक्स्ट हे साधन वापरत असेल तर मूळ इंग्रजी वाक्यातल्या एका स्वल्पविरामानेही त्याची भाषांतरं ‘फझी’ (शंकास्पद) ठरतात, आणि कुणी पुन्हा तपासेपर्यंत वाचकाला सहसा इंग्रजीच दिसतं. एवढी किंमत मोजण्याजोगा बदल आहे का, हे विचारायला लाजू नका.

उत्तर देताना ‘मला हे बरं वाटत नाही’ असं लिहू नका. ते कारण नव्हे. वाचक कुठे अडखळेल ते सांगा. असे प्रकल्प जिथे ठेवतात त्या गिटहब साइटवर ‘सजेशन’ची सोय आहे. तिच्यात हवी ती ओळ लिहून दिली की समोरच्याला एका क्लिकमध्ये ती घेता येते, आणि कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, श्रेय दोघांचंही राहतं. हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरात मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावायचा उपक्रम. त्याच्या 2020 च्या फेरीत टी-शर्टसाठी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या ओळखपानात, निरर्थक शब्द घुसडणाऱ्यांचा इतका पूर आला की आयोजकांना सुरुवातीच्या दिवसांतच नियम बदलावे लागले. तसलं काही आलं तर दोन ओळींत नकार द्या आणि मोकळे व्हा. पण पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच संशयाने बघू नका बे!

मर्ज झाल्यावर तयार झालेलं पान एकदा मोबाइलवर उघडा. आमच्याकडची बरीच पोरं तिथेच वाचतात, आणि लांब कमांडची उजवी बाजू पडद्याबाहेर गेलेली असते.