कॅनरी आणि फिंच यांना हिरवा पाला कसा द्यावा

घरी कॅनरी किंवा फिंच पाळणारे बहुतेकजण वाटीभर राळे आणि स्वच्छ पाणी ठेवले की पक्ष्याच्या आहाराची सोय झाली असे धरून चालतात. पोट भरते हे खरे आहे. परंतु कोरड्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि कॅल्शियम अगदी तुटपुंजे असते. त्यामुळे केवळ दाण्यांवर ठेवलेला पक्षी एरवी ठणठणीत दिसला, तरी अंडी घालण्याच्या आणि पिसे गाळण्याच्या दिवसांत ही उणीव उघडी पडते. हिरव्या पाल्याने ती बऱ्याच अंशी भरून निघते. मात्र झेब्रा फिंचचे वजन साधारण बारा ग्रॅम आणि कॅनरीचे वीस ग्रॅमच्या आसपास असते, हे विसरून चालत नाही. एवढ्या लहान शरीराला कीटकनाशकाचा अल्प अंशही झेपत नाही. कोणती भाजी चांगली यावर पक्षी पाळणारे पुष्कळ बोलतात. ती किती द्यावी, कोठून आणावी आणि पिंजऱ्यातून केव्हा काढून घ्यावी यावर फारसे बोलत नाहीत, आणि पक्षी आजारी पडतात ते बहुधा या दुसऱ्या गोष्टी चुकल्यामुळेच.

येथे फिंच म्हणजे झेब्रा, बेंगॉली, गोल्डियन असे पिंजऱ्यात पैदास झालेले विदेशी पक्षी अभिप्रेत आहेत. आपल्याकडच्या रानातल्या मुनिया वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित असून त्या पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

कोणता पाला द्यावा

आपल्या बाजारात वर्षभर मिळणाऱ्या भाज्यांपैकी कोथिंबीर आणि मेथी या दोन रोजच्यासाठी सर्वांत सोयीच्या आहेत. कोथिंबिरीची काडी पक्ष्याला सहज धरता येते, तिचे कोवळे देठ आणि फुलेही खाल्ली जातात, आणि बहुतेक पक्षी ती पहिल्या काही दिवसांतच स्वीकारतात. मेथी कडवट असली, तरी पक्ष्यांना तो कडवटपणा आपल्याइतका खटकत नसावा. पाने संपवून ते काडीही कुरतडतात. तिसरा क्रमांक मी शेवग्याच्या पाल्याला देईन. त्यातले कॅल्शियम पालकाच्या तिपटीहून अधिक असते, पाने बारीक असल्याने चिरावी लागत नाहीत, आणि ज्यांच्या सोसायटीत किंवा परसात झाड आहे त्यांना ती फुकट आणि फवारणीविना मिळतात. मुळ्याची, नवलकोलाची आणि मोहरीची कोवळी पाने आठवड्यातून एक-दोनदा द्यावीत. ही सारी कोबीच्या कुळातली आहेत, आणि या कुळातला पाला रोज भरपूर दिल्यास गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा येऊ शकतो. अधूनमधून दिल्यास काही बिघडत नाही.

पालकाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ‘पौष्टिक’ म्हणून सर्वांत आधी तोच पिंजऱ्यात जातो. पालकात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि पक्ष्याच्या शरीराला ते वापरू देत नाही. माठ, राजगिरा आणि आंबट चुका यांनाही हेच लागू आहे. एखाद्या दिवशी पालकाचे पान दिल्याने विषबाधा होत नाही. पण अंडी घालणाऱ्या मादीला, जिचे कॅल्शियम कवचासाठी आधीच खर्च होत असते, तिला आठवडेच्या आठवडे पालकावर ठेवणे हे तिच्याकडून घेण्यासारखे आहे, देण्यासारखे नाही. कॅल्शियम कमी पडलेल्या मादीचे अंडे पोटात अडकते आणि त्यात तिचा जीव जाऊ शकतो. त्यामुळे पाला कोणताही असो, पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा कायम टांगलेला असावा. सॅलडच्या पानांपैकी गडद हिरवी पाने घ्यावीत. फिकट, कुरकुरीत गड्ड्यांत पाण्याखेरीज फारसे काही नसते.

युरोपात कॅनरी पाळणारे डँडेलियनचा पाला आवडीने देतात आणि इथले नवखे लोक ते वाचून त्याच्या शोधात फिरतात. शोधण्याची गरज नाही. आपल्या शेतांच्या बांधावर उगवणारी पाथरी त्याच कुळातली आहे, आणि माणसे ती भाकरीबरोबर कच्चीच खातात. फवारणी न झालेल्या जागेतली पाथरी मिळाली, तर तिची दोन-चार कोवळी पाने द्यायला हरकत नाही. घोळही चालते, पण तीत ऑक्झॅलिक आम्ल असल्यामुळे क्वचितच द्यावी. शिवाय घोळीसारखीच जमिनीलगत पसरणारी, चिकाची दुधी अनेकदा तिच्यातच मिसळून उगवते, आणि तिचा चीक त्रासदायक असतो. देठ मोडून पाहावा: पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, ती टाकून द्यावी. गाजराचा पाला उत्तम असतो. मात्र तो विकत घेतलेल्या गाजराचाच असावा, कारण रस्त्याकडेच्या गाजरगवताचे पान लांबून तसेच दिसते. एकूण, ज्या वनस्पतीची ओळख पक्की नाही ती पिंजऱ्यात जाऊ नये.

काही गोष्टी मुळीच देऊ नयेत. ॲव्होकॅडोचे फळ आणि पान दोन्ही पक्ष्यांना विषारी आहेत. कांद्याची पात, लसूण, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, कच्चे अळू, घाणेरी, रुई, धोत्रा आणि कुंडीतली शोभेची झाडे यांपासून पक्ष्यांना दूर ठेवावे. ज्वारीच्या कोवळ्या रोपात सायनाइड तयार करणारा घटक असतो, म्हणूनच शेतकरी कोवळ्या ज्वारीत गुरे शिरू देत नाहीत. तेव्हा पक्ष्यांसाठी ट्रेमध्ये हिरवा पाला वाढवताना ज्वारी वापरू नये.

पुदिना, तुळस आणि ओव्याची पाने बदल म्हणून एखाद्या वेळी टांगावीत. पक्षी त्यांना थोडे कुरतडतात, थोडे फाडून खाली टाकतात, आणि त्यात त्यांचा वेळ चांगला जातो. तुळशीने सर्दी बरी होते किंवा हळदीच्या पाण्याने जंत पडतात, अशा भरवशावर मात्र आजारी पक्ष्याचे दोन दिवस वाया घालवू नयेत.

पाला कोठून आणावा आणि कसा धुवावा

बाजारातल्या जुडीवर फवारणी झालेली आहे असे समजूनच तिच्याशी वागावे. जुडी सोडून काड्या सुट्या कराव्यात, पिवळी आणि चिकट पाने काढून टाकावीत, मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्या खळबळून काढाव्यात, आणि पातेल्याच्या तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहावे. शेवटी वाहत्या नळाखाली धुऊन रोवळीत निथळत ठेवाव्यात. धुण्याने पानावरचा अंश कमी होतो. झाडात भिनलेले औषध धुऊन निघत नाही. यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे घरी उगवणे, आणि दोन-तीन पक्ष्यांसाठी तो मुळीच अवघड नाही.

पसरट ट्रेमध्ये दोन-तीन बोटे माती घालून पक्ष्यांच्या रोजच्या खाण्यातलेच मिश्र दाणे दाट पेरावेत आणि वर मातीचा पातळ थर द्यावा. आठ-दहा दिवसांत बोटभर उंचीचे हिरवेगार गवत तयार होते. ट्रे तसाच पिंजऱ्यात ठेवला की फिंच त्यात उतरून शेंडे खुडत बसतात. याचा आणखी एक फायदा असा की दाणे जुने आहेत की ताजे याची परीक्षा आपोआप होते: निम्मेही उगवले नाहीत, तर ते पोते पक्ष्यांना खाऊ घालण्याच्या लायकीचे राहिलेले नाही. मेथी आणि धने स्वयंपाकघरातलेच पेरावेत. कृषी सेवा केंद्रात पेरणीसाठी मिळणारे गुलाबी किंवा निळसर रंगाचे बियाणे बुरशीनाशक चोळलेले असते. ते पक्ष्याच्या पिंजऱ्यात कोणत्याही रूपात जाता कामा नये.

किती द्यावा, केव्हा आणि कसा

एका जोडीला सकाळी कोथिंबिरीच्या दोन लहान काड्या किंवा मेथीची एक डहाळी पुरते. आठवड्यातून एकदा भाराभर पाला टाकण्यापेक्षा रोज एवढाच देणे पक्ष्याच्या पोटाला मानवते. दाण्याचे भांडे नेहमीप्रमाणे भरलेलेच असावे, कारण फिंच दिवसभर थोडेथोडे खाऊन जगतात आणि पाल्याने त्यांची दाण्याची गरज भागत नाही. पाला तळाशी पसरू नये. तिथे तो विष्ठेत मिसळतो. कपड्याच्या चिमट्याने तो बसण्याच्या काडीशेजारच्या गजांना, पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला लावावा, म्हणजे त्याला पान ओढून तोडता येते. जुडी दोऱ्याने बांधू नये, कारण दोऱ्यात नख किंवा पाय अडकून इजा होते.

ओला पाला लावला तर पक्षी आधी तो खात नाहीत, त्याने अंघोळ करतात. कॅनरी मान तिरकी करून पानावरचा थेंब टिपते, मग छातीची पिसे फुलवून अंग पानांवर घासते, आणि पुन्हा काडीवर जाऊन पंख झाडते. झेब्रा फिंचची जोडी असेल तर दोघे त्याच काडीसाठी एकमेकांना ढकलतात. उन्हाळ्याच्या सकाळी हे चालू द्यावे. पावसाळ्यात आणि थंडीत मात्र पाला चांगला निथळून, हाताला कोरडा लागेल असाच द्यावा.

तीन-चार तासांनंतर उरलेला पाला काढून घ्यावा, आणि एप्रिल-मेच्या उष्म्यात दोन तासांतच. वाळलेले पान एक वेळ चालेल, पण मऊ पडून काळपट झालेले आणि वास येणारे पान अजिबात चालणार नाही. संध्याकाळी नवा पाला लावून तो रात्रभर ठेवणे टाळावे.

ज्या पक्ष्याने आजवर केवळ दाणेच खाल्ले आहेत तो हिरव्या काडीकडे संशयाने पाहतो आणि दूरच्या टोकाला जाऊन बसतो. फिंच या बाबतीत कॅनरीपेक्षा अधिक हट्टी असतात. रोज त्याच जागी, त्याच वेळी, एकाच प्रकारचा पाला लावत राहावा; दहा-पंधरा दिवस शिवलाही नाही, तरी भाजी बदलण्याची घाई करू नये. पाला बारीक चिरून कुस्करलेल्या उकडलेल्या अंड्यात मिसळला, तर काही पक्षी लवकर वळतात. पाला खाणारा एखादा पक्षी शेजारच्या पिंजऱ्यात असला, तर त्याला पाहूनही इतर शिकतात. भूक लागली की खाईल, या विचाराने दाणे काढून घेणे घातक आहे: एवढा लहान पक्षी उपाशी राहिला, तर एका दिवसातच त्याच्या जिवावर बेतते.

मोड आणि कोवळी कणसे

रानातले फिंच वाळलेल्या दाण्यापेक्षा दुधात आलेले गवताचे दाणे अधिक पसंत करतात, आणि पिल्लांना भरवताना तर विशेषच. घरी याची जागा दोन गोष्टी घेतात. पहिली म्हणजे राळ्याचे किंवा बाजरीचे हुरड्यात आलेले कणीस. ते मिळाले तर अख्खे टांगावे. दुसरी म्हणजे मोड आलेले दाणे. राळे रात्रभर भिजवून सकाळी उपसावेत, गाळणीत ठेवून दर तीन-चार तासांनी धुवावेत, आणि पांढरा कोंब नुसता डोकावला की द्यावेत. दाण्यांना आंबूस वास आला किंवा हाताला बुळबुळीत लागले, तर सगळे फेकून द्यावेत. त्यातले चांगले निवडून वापरू नयेत. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात हवेत इतका दमटपणा असतो की मोडांना बुरशी धरायला अर्धा दिवस पुरतो, म्हणून त्या महिन्यांत मोड बंद ठेवून ताजा पाला देणेच शहाणपणाचे ठरते.

झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातले. तिथे पाऊस पडून गवताला दाणे आले की ते अंडी घालायला लागतात. पिंजऱ्यातही भरपूर हिरवा पाला, मोड आणि अंडे यांचा त्यांच्यावर तोच परिणाम होतो. पिल्ले हवी असतील तेव्हा हे पदार्थ वाढवावेत आणि पिल्ले स्वतः दाणे फोडू लागेपर्यंत चालू ठेवावेत. लागोपाठ अंडी घालून थकलेल्या मादीला विश्रांती द्यायची असेल, तर घरटे काढून घ्यावे, मोड आणि अंडे थांबवावे आणि पाला रोजच्या एका काडीवर आणावा. कॅनरीच्या बाबतीत रंगाचाही विचार करावा लागतो. पिवळ्या कॅनरीचा पिवळेपणा पानांतल्या रंगद्रव्यांतून येतो, त्यामुळे पिसे गाळण्याच्या काळात पाला दिल्यास नवी पिसे उजळ निघतात. लाल जातीच्या कॅनरीत मात्र हेच पिवळे द्रव्य लालीत मिसळून पिसे नारिंगी करते, म्हणून प्रदर्शनासाठी पक्षी तयार करणारे त्या काळात पाला हात राखून देतात.

विष्ठेवर लक्ष ठेवावे

पाला सुरू केल्यावर विष्ठा हिरवट होते आणि तिच्याभोवती पाण्याचे वर्तुळ दिसते, तेव्हा ‘हगवण लागली’ म्हणून पाला बंद करणारे पुष्कळ आहेत. तळाला पांढरा कागद घालून नीट पाहावे. मधला भाग आकार धरून असेल, शेजारी पांढरा ठिपका असेल आणि केवळ पाणी जास्त असेल, तर ते पानांतले पाणी आहे. प्रमाण थोडे कमी केले की दुसऱ्या दिवशी ते कमी होते. मधल्या भागाला आकारच नसेल, शेपटीखालची पिसे चिकटलेली असतील किंवा पक्षी पिसे फुलवून दिवसा झोपत असेल, तर पाला थांबवावा, पिंजरा उबेला ठेवावा आणि त्याच दिवशी पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. पाला दिलेला नसतानाही विष्ठा थोडी आणि गडद हिरवी पडत असेल, तर पक्षी खातच नाही असे समजावे. दाण्याचे भांडे भरलेले दिसले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण वरचा थर अनेकदा नुसत्या टरफलांचा असतो. तो फुंकून आत दाणे उरले आहेत का ते आधी पाहावे.