सकाळी दहाचा हिशोब का जुळत नाही: प्लेटवरच्या मातीबद्दल

सीमास्तरावर, म्हणजे जमिनीलगतच्या हवेच्या थरावर, काम सुरू करणारे बहुतेकजण उष्णता आणि बाष्प मोजणाऱ्या मनोऱ्याच्याच प्रेमात पडतात. सॉनिक ॲनिमोमीटर (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं उपकरण), २० हर्ट्‌झची नोंद, प्लॅनर फिट (वाऱ्याच्या मोजमापातला तिरकेपणा काढण्याची रीत), हवेच्या घनतेची दुरुस्ती हे सगळं शिकायलाच हवं, आणि ते शिकवणारे भरपूर भेटतात. अडकाल ते खाली, मातीत.

निव्वळ प्रारण (जमिनीला मिळणारं वजा परत जाणारं) म्हणजे संवेद्य उष्मा (हवा तापवणारा), सुप्त उष्मा (बाष्पीभवनात जाणारा) आणि जमिनीत जाणारी उष्णता यांची बेरीज, हे पाठ असतं. तरी सकाळी दहाला ही बेरीज निव्वळ प्रारणापेक्षा चौरस मीटरला शंभरेक वॅटनी कमी भरते आणि खापर सॉनिकवर फुटतं. बऱ्याचदा गोम ८ सेंमी खोल पुरलेल्या हीट फ्लक्स प्लेटच्या वरच्या मातीत असते. प्लेट फक्त तिच्यातून पार होणारी उष्णता मोजते. वरच्या थरानं स्वतः तापताना जी गिळली, ती प्लेटपर्यंत पोहोचतच नाही.

आकडे घालून बघा. कोरड्या मातीची घनता १३०० किलो प्रति घनमीटर, विशिष्ट उष्मा सुमारे ८४० ज्यूल प्रति किलो प्रति अंश, म्हणजे १.०९ मेगाज्यूल. आकारमानाच्या २५ टक्के पाणी असेल तर त्याचे आणखी १.०५. एकूण उष्माधारकता २.१४ मेगाज्यूल प्रति घनमीटर प्रति अंश. ८ सेंमीचा थर अर्ध्या तासात १ अंश तापला, तर साठलेली उष्णता ९५ वॅट प्रति चौरस मीटर! हीच माती वाळून ओलावा ५ टक्क्यांवर आला, की उत्तर ५८. म्हणून उष्माधारकता वर्षभर एकच ठेवू नका. ओलाव्याचा संवेदक त्याच थरात हवाच. घनता पुस्तकातून उचलू नका. ठरावीक आकारमानाच्या रिंगनं मातीचा नमुना काढा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा, वजन करा.

तापमानाचा फरक अर्ध्या तासाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा घ्या. लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची वजाबाकी केली तर उत्तर पंधरा मिनिटं सरकतं, आणि सकाळी तेवढंही महाग पडतं. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) २ आणि ६ सेंमीवर लावा.

दिवसभराच्या बेरजेत ही चूक जवळजवळ लपते, कारण रात्री थर उष्णता परत देतो. तेवढ्यावर समाधान मानू नका. सुप्त उष्मा 'उरलेली बाकी' म्हणून काढत असाल, तर ९५ वॅटची चूक तासाला ०.१४ मिमी खोट्या बाष्पीभवनासारखी दिसेल. 'बाकी' काढण्याची ही पळवाट मला अजिबात मान्य नाही. सगळ्या उपकरणांच्या चुका एकाच रकान्यात जाऊन बसतात. 'तूट दोन्ही उष्म्यांत गुणोत्तरानं वाटून बेरीज जुळवून टाक' असं सांगणारा मार्गदर्शक भेटला, तर आधी साठ्याचं गणित दाखवायला सांगा.

प्लेट लावताना खड्ड्याच्या उभ्या भिंतीत सुरीनं चीर पाडून ती आडवी सरकवा. वरची माती उकरू नका. वायर निदान मीटरभर जमिनीखालूनच न्या, नाहीतर वायरीतून वरची उष्णता प्लेटपर्यंत येते. भर दुपारी जमिनीत जाणारा प्रवाह ऋण दिसला तर प्लेट उलटी आहे. एक प्लेट पिकाच्या ओळींमध्ये, एक झाडाच्या सावलीत, असं निदान दोन ठिकाणी मोजा.

एवढं सगळं करूनही २० टक्के तूट राहिली तर खचू नका. जगभरच्या मनोऱ्यांवर साधारण तेवढी राहते. अर्ध्या तासाच्या सरासरीत न मावणारे मोठे भोवरे हे त्याचं एक कारण मानलं जातं.

काळ्या जमिनीत मात्र उन्हाळ्यात भेगा पडतात आणि प्लेटचा मातीशी संपर्क सुटतो. तेव्हाचे आकडे वेगळे चिन्हांकित करा, आणि पहिल्या पावसानंतर वापसा आला की प्लेट उकरून संपर्क पुन्हा तपासा.