होजियरीचं कापड घरच्या मशीनवर शिवायचं तर आधी सुई बदला

टी-शर्टचं, लेगिंगचं, बनियनचं, जे ओढलं की ताणते अन सोडलं की परत येते ते सगळं आमच्याकडे होजियरी. ‘त्याले इंटरलॉक, म्हणजे कड गुंफणारी मशीनच लागते, घरी होत नाही’ असं इतक्या जणी छातीठोक सांगतात की मीही कितीक वर्ष हात लावला नव्हता. होते. काळ्या पायडलच्या मशीनवरही होते. उलट या कापडाचे धागे निघत नाहीत, कड फक्त गुंडाळते, म्हणून आतून इंटरलॉक नसलं तरी काही बिघडत नाही.

सुती होजियरी पहिल्या पाण्यात आखडते, धुऊन वाळवूनच कापा. ज्या बाजूनं जास्त ताणते ती बाजू अंगाभोवती आडवी आली पाहिजे, नाही तर डोकं गळ्यातून जात नाही. टेबलावरून कापड लोंबू देऊ नका, मी तर फरशीवरच पसरते. झालं कापणं.

आता सुई. इथं मी आठ दिवस रडली. पोट्ट्याचा टी-शर्ट घेतला होता शिवायला, दोन इंच शिलाई बरोबर यायची, मग अर्धा इंच नुसता धागा वर पडलेला, टाकाच नाही, मग परत चार टाके अन परत सुटलेले. धाग्याचं टेन्शन घट्ट करून पाहिलं, सैल करून पाहिलं, तेल टाकलं, रीळ बदललं. शेवटी तालुक्याहून मिस्त्री बोलावला, तो म्हणे ताई शटल (बॉबिन बसते तो खालचा भाग) घासलं, बदलावंच लागते. बदललं. पैसे गेले अन टाके तसेच सुटून राहिले. अन तीच मशीन ब्लाउजच्या कापडावर मोत्यासारखा टाका देऊन राहिली होती, तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की मशीनचा दोष नाही.

होते काय, सुई खाली जाऊन जराशी वर आली की तिच्या मागं धाग्याचा बारीक फासा तयार होतो आणि शटलचं टोक तो पकडते, तेव्हा टाका पडतो. ब्लाउजचं सुती कापड जागेवर राहते म्हणून फासा नीट होतो. होजियरी सुईला धरून तिच्यासंगंच वर उचलल्या जाते, मग फासा होतच नाही, शटल रिकामं फिरून जाते. साधी सुई टोकदार, ती विणीचा धागाच तोडते, ते लगेच दिसत नाही, दोन धुण्यानंतर शिलाईच्या बाजूनं बारीक बारीक भोकं पडतात. मग लोक कापडाला शिव्या देतात.

बॉल पॉइंट सुई घ्या, तिचं टोक गोलसर राहते, धागे बाजूला सारून मधून जाते. पातळ कापडाला ११ नंबर, जाड्याला १४. लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, जास्त असेल तर पाकिटावर ‘स्ट्रेच’ लिहिलेली घ्या, टाके सुटू नये म्हणूनच ती बनवलेली असते. दुकानदार म्हणेल सगळ्या सुया सारख्याच, ही बारीक घेऊन जा. ऐकू नका. बारीक सुई म्हणजे होजियरीची सुई नव्हे. आणि चपटी बाजू जुन्या सुईची जिकडं होती तिकडंच बसवा, उलटी बसली तर नव्या सुईनंही टाका पडणार नाही.

दुसरी गोष्ट ओढण्याची. ‘कापड मागून ताणून धरा’ असं जो सांगते त्यानं एक तरी टी-शर्ट शिवला का विचारा. मागून ओढलं की सुई वाकते, प्लेटवर आपटते अन तुटते, माह्या तर गालाला तुकडा लागला, डोळा वाचला. वर शिलाई लाटेसारखी होते ते वेगळंच. लाटा येत असतील तर फूटचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब कमी करा, दांडीच्या वर जो स्क्रू किंवा चकती असते ती थोडी सैल करायची, हे कोणीच सांगत नाही. मशीनमध्ये झिगझॅग टाका असेल तर रुंदी १, लांबी २.५ ठेवा. साधीच मशीन असेल तर टाका बारीक करा, टेन्शन जरासं सैल, अन पुढून-मागून दोन्ही हातानं सारखंच, अगदी नावापुरतं ताठ धरा, सरकवायचं काम सुईखालच्या दात्यांचं. धागा पॉलिस्टरचाच, सुती धागा ताणला की तुटते. कातरणावर शिवून जोरात ताणून पाहा, कट्ट आवाज आला तर टाका अजून बारीक करा.

सुरुवातीला दोन्ही धागे मागं धरून ठेवा, नाही तर मशीन कोपरा गिळते.

खांद्याच्या शिलाईत साडीच्या फॉलची बोटभर पट्टी घाला, खांदा लोंबत नाही.

गळ्याची पट्टी गळ्यापेक्षा लहान. गळा २० इंच तर पट्टी १७, दोन्हीचे चार-चार भाग करून टाचण्या जुळवा अन शिवताना पट्टीच ताणा, गळा नाही. इस्त्री घासू नका, ठेवायची, उचलायची.

खालची घडी शिवताना कापड दात्यात अडकत असेल तर खाली पेपरची पट्टी ठेवून शिवा, मग फाडून टाका. पांढऱ्या कापडाला मात्र पेपर नको, शाई उतरते, त्याच्यासाठी पोट्ट्यांच्या वहीचं कोरं पान घ्या.