भात-बाजरीच्या बियाण्यासाठी मिठाचं द्रावण: टक्के काढा, मीठ तोला

रोहिणीत भाताची रोपवाटिका टाकण्याआधी आणि बाजरी पेरण्याआधी घरच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून घ्या. पोकळ दाणे आणि बाजरीतल्या रोगट गाठी वर तरंगतात, चांगलं बियाणं तळाला बसतं. भातासाठी 3 टक्के, बाजरीसाठी 20 टक्के द्रावण लागतं. पिशवीतलं रंगीत, औषध लावलेलं बियाणं यात घालू नका. औषध धुऊन जातं.

हिशोब सोपा आहे: पाणी (लिटर) × टक्के × 10 = मीठ (ग्रॅम). म्हणजे 10 लिटर पाण्याला भातासाठी 300 ग्रॅम आणि बाजरीसाठी 2 किलो. 15 लिटरच्या बादलीत भातासाठी 450 ग्रॅम. 2 किलो मीठ आणि 10 किलो पाणी मिळून 12 किलो, म्हणजे वजनाने ते 16.7 टक्केच भरतं, असं कॉलेजातली पोरं सांगतील. बरोबर आहे, पण शिफारस 10 लिटर पाण्यात 2 किलो अशीच आहे, त्यात बदल करू नका.

चूक होते ती मापात. मीठ वाटीने न घेता काट्यावर तोला. खडेमीठ ओलसर असेल तर आधी उन्हात वाळवा, नाहीतर पाण्याचंच वजन धरलं जातं. शेवटचा खडा विरघळेपर्यंत ढवळा. तळाशी मीठ उरलं तर द्रावण कमी तीव्र राहतं.

अंडं तरंगेपर्यंत मीठ टाकायचं, ही युक्ती भाताला लावू नका. ताजं अंडं वर यायला साधारण 11-12 टक्के मीठ लागतं, 3 टक्क्यांत ते बुडतंच. इतक्या तीव्र पाण्यात बऱ्यापैकी भरलेले दाणेही वर येतात आणि चांगलं बियाणं फुकट जातं. बाजरीत उलट होतं: मीठ कमी पडलं तर अरगटाच्या (बाजरीच्या कणसावरचा बुरशीचा रोग) काळ्या गाठी दाण्यांबरोबर तळाला बसतात आणि प्रक्रिया व्यर्थ जाते.

बियाणं थोडं थोडं टाकून ढवळा, पाणी स्थिर होऊ द्या, वर आलेलं गाळून घ्या. बाजरीतलं तरंगलेलं जाळून टाका, जनावरांना अजिबात घालू नका. बुडालेलं बियाणं लगेच काढून साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवा आणि सावलीत वाळवा. अंगावर मीठ राहिलं की उगवण घटते. बियाण्याबरोबर द्रावण निघून जातं. भर घालताना साधं पाणी न ओतता त्याच तीव्रतेचं द्रावण घाला.

वाळल्यावर किलोला 3 ग्रॅम थायरम (बुरशीनाशक) चोळा, जिवाणू खत पेरणीच्या तोंडावर लावा. उरलेलं खारं पाणी वाफ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.