कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे कशी पाहावीत

चित्राच्या आस्वादात आपल्या आवडीचा वाटा किती आणि माहितीचा किती, हे ज्याला स्वतःपुरते तपासून पाहायचे असेल, त्याने बडोद्याच्या कीर्तिमंदिरात जावे. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात बंगाली चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा (रवींद्रनाथ ठाकुरांच्या बंगाली नाटकातील नर्तकीची कथा) आणि महाभारतातील युद्ध हे चार विषय रंगविले. चित्रकार एकच असल्याने भिंतीगणिक बदलते ती मुख्यतः आपली पूर्वओळख.

शक्य असल्यास आधी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रे पाहावीत. १८९४ मध्ये त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती मराठी घरांतून लागल्या, आणि देवादिक दिसतात ते असेच, ही समजूत आपल्या डोळ्यांत लहानपणीच रुजली. मूळ चित्राजवळ उभे राहून दागिन्यांवरची चमक, रेशमी वस्त्राच्या चुण्यांतील सावली आणि हातांची गोलाई न्याहाळावी. आपली आवड बहुधा येथे घडली आहे, हे ध्यानात ठेवून मग बोस यांच्याकडे वळावे.

सुरुवात नटीर पूजेपासून करावी, कारण गंगावतरण किंवा महाभारत पाहताना आपण रेषेपूर्वी पात्र ओळखतो आणि ओळखीच्या आनंदालाच चित्राचा आनंद समजतो. माहितीफलक न वाचता काही वेळ नुसते पाहावे. येथे सावलीचा आधार नाही, भार सारा रेषेवर आहे. त्यामुळे चित्र अपुरे वाटले, तर तसे वाटू द्यावे, मात्र मत तेथेच पक्के करू नये. त्यानंतर कथा जाणून घ्यावी. स्तूपाच्या पूजेला बंदी असताना श्रीमती या राजनर्तकीला स्तूपासमोर नाचण्याची आज्ञा होते. नाचता नाचता ती एकेक अलंकार उतरवते, राजवस्त्राखालून भिक्षुणीचे वस्त्र प्रकट होते आणि तिला प्राणास मुकावे लागते. आता तीच भिंत पुन्हा पाहावी. मघाशी जे केवळ नृत्य वाटले होते, त्यात पूजा दिसू लागते.

कथेइतकीच शैलीची पार्श्वभूमीही महत्त्वाची आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे तिचीच अधिक उपेक्षा होते. बोस यांनी तरुणपणी अजिंठ्याच्या आणि १९२१ मध्ये मध्य प्रदेशातील बाघ येथील लेण्यांमधल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. हे कळल्यावर छायाप्रकाशाचा अभाव ही उणीव न वाटता जाणून केलेली निवड वाटते. एवढे कळूनही मन रविवर्म्यांकडेच ओढ घेत असेल, तर त्यात काही गैर नाही. माहितीने आवड बदललीच पाहिजे, असा नियम नाही.

शेवटी महाभारताच्या भिंतीसमोर उलट प्रयोग करावा. कोण कोणाशी लढत आहे, हे काही वेळ बाजूला ठेवावे आणि नजर कोणत्या रेषेवरून कोठे जाते, कोठे अडते, गर्दी कोठे दाटते, एवढेच पाहावे. कथा तोंडपाठ असलेल्यांना हे फार जड जाते.