जर्मनीत घर मिळालं? थांबा, लगेच फर्निचरच्या दुकानात पळू नका

स्टुटगार्टला येऊन मला बरीच वर्षं झाली, त्यामुळे दर ऑक्टोबरला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई घर मिळालं, आता काय काय घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे, पहिले दोन महिने फारसं काही घेऊ नका. गादी घ्या आणि दिवे घ्या (दिवे खरंच घ्या, इथे रिकाम्या घरात छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात, आणि बऱ्याच घरांत किचनपण नसतं, ओटा-सिंक सगळं आधीचा भाडेकरू काढून नेतो नाहीतर तुम्हाला विकत घ्या म्हणतो), बाकी कळ काढा.

कारण आपल्याकडे "लागेल कधीतरी" म्हटलेलं सगळं माळ्यावर जातं आणि इथे माळाच नाही. भिंतीतली कपाटंही सहसा नसतात. असतं ते तळघर, त्याला केलर म्हणतात, त्यात प्रत्येक घराला जाळीचा किंवा फळ्यांचा एक खण. मी शहाणीने पहिल्याच हिवाळ्यात सिल्कच्या चार साड्या बॅगेत भरून तिथे ठेवल्या आणि पाडव्याला काढल्या तर बुरशीचे ठिपके, वास असा की ड्रायक्लीनवाल्यानेही मान हलवली. जुन्या इमारतीतलं केलर दमट असतं हो, तिथे सायकल, गाडीचे टायर, रिकाम्या बॅगा एवढंच ठेवा. वरच्या घरातही तीच गत, थंडी म्हणून खिडक्या बंद, त्यात कुकरची वाफ आणि कपडे आतच वाळत घातलेले, मग कोपरे काळे पडतात आणि घरमालक डिपॉझिट धरून बसतो. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नुसत्या वरून तिरक्या करून ठेवल्या तर भिंती गार पडतात आणि उपयोग शून्य.

आता आईने बॅगेत कोंबून दिलेल्या गोष्टी. मिक्सर आणलात तर बरं केलंत, व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, फक्त अडॅप्टर लागतो. ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शनवर तापतच नाही, शेगडी कुठली आहे ते आधी विचारा. आणि उशीचे अभ्रे! इथली जुन्या पद्धतीची उशी ८० बाय ८० सेंटीमीटरची चौकोनी, आपले अभ्रे तिला टोपीसारखे बसतात. माझ्याकडे आठ होते.

पण खरा पसारा वस्तूंचा नाही, कागदांचा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, म्हणजे आनमेल्डुंग, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. मग टपालाने अकरा आकडी टॅक्स नंबर येतो, इन्शुरन्सची पत्रं येतात, रेडिओ-टीव्हीची वर्गणी येते, महिन्याला १८ युरो ३६ सेंट. टीव्ही नसला तरी ती भरावीच लागते, पण ती घरामागे आहे, माणसामागे नाही, त्यामुळे शेअरिंगमध्ये एकजण भरत असेल तर त्याचा वर्गणीचा नंबर कळवून मोकळे व्हा, मुलं उगाच दोनदा भरतात. पत्रपेटीवर तुमचं नाव पहिल्या दिवशीच चिकटवा, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो आणि तुम्ही महिनाभर वाट बघता. मी सगळी पाकिटं साडीच्या दुकानाच्या पिशवीत टाकायचे, भाषा येत नव्हती म्हणून उघडायचीच भीती, शेवटी एका बिलावर दंड चढला तेव्हा जाग आली. दोन भोकांचं पंचिंग मशीन आणि एक जाडी फाईल, तिला ओर्डनर म्हणायचं, त्यात घर, नोकरी, टॅक्स, इन्शुरन्स, बँक असे पाच खण. पत्र आलं की उभ्या उभ्या उघडायचं, फोनवर भाषांतर करायचं, फाईलला लावायचं.

कचऱ्याच्या डब्यांचे रंग गावागणिक वेगळे, शेजाऱ्याला विचारा. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या टाकू नका, एकेकीचे २५ सेंट दुकानातल्या मशीनमधून परत मिळतात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या कंटेनरात टाकायच्या पण रविवारी नाही, त्या खळ्ळ आवाजाने अख्खी गल्ली खिडकीत येते. आणि आमच्या श्वाबेन भागातली खास भानगड म्हणजे केअरवोखे, दारावर पाटी अडकवली की त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची. माझ्या समोरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या.

डिक्लटर करायचा इथला सोपा मार्ग म्हणजे नको असलेलं खोक्यात घालून दाराबाहेर ठेवायचं, वर लिहायचं "त्सु फेअरशेंकन", म्हणजे फुकट न्या. कप, पुस्तकं, खेळणी तासाभरात गायब. संध्याकाळी उरलेलं मात्र आपणच आत घ्यायचं, पावसात सडत ठेवायचं नाही.

मी एकदा ते आठ अभ्रे ठेवले होते. आठही परत आत आले. आता त्यात बटाटे-कांदे असतात.